न्यूयॉर्क किती आहे आज?

माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, हिंगणघाटकडे शेती करतात, वय ७४, आणि कापसाचा सीझन तोंडावर आला की रोज सकाळी सात-सव्वासातला त्यांचा फोन ठरलेला. तब्येत कशी, पोरं कशी, नागपुरात पाऊस आहे का, काही नाही. डायरेक्ट विचारतात, "न्यूयॉर्क किती हाये बे आज?"

लग्न झालं तेव्हा माझ्या बायकोला वाटलं होतं यांचं कोणी तिकडे राहतं आणि हे टाइम विचारतात. ते विचारत असतात कापसाचा वायदा. न्यूयॉर्कच्या एक्स्चेंजला काल रात्री रुई किती सेंटला बंद झाली, एका पाउंडाला. स्मार्टफोन त्यांच्याकडेही आहे आणि कापसाचे तीन-तीन व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत, त्यातले दोन तर फक्त अफवांसाठीच, पण त्यांना माझ्याच तोंडून ऐकायचं असतं कारण मी "एक्सपोर्ट-इम्पोर्टमधे" आहे. म्हणजे काय, तर अजनीजवळच्या एका क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या ऑफिसात बसून एकोणीस वर्षं कागदं करतो. शिपिंग बिल, बिल ऑफ एंट्री, पॅकिंग लिस्ट. समुद्र मी आयुष्यात चार वेळा पाहिला असेल, त्यातला एकदा हनिमूनला, पण माझा पगार जहाजांवर चालतो.

तर भाव सांगितला की मोठे बाबा फोनवरच हिशोब करतात, आणि तो हिशोब मला इतक्या वेळा ऐकून पाठ झालाय की इथे मांडतोच. २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास न्यूयॉर्क पासष्ट सेंटच्या आसपास होतं. पाउंडाचा किलो केला की १४३ सेंट. डॉलर तेव्हा ८८ धरा, म्हणजे किलोभर रुई १२६ रुपये. आता एक क्विंटल कापूस जिनिंगला टाकला की रुई निघते साधारण चौतीस किलो, बाकी सरकी आणि घट. चौतीस गुणिले १२६, सव्वाचार हजार. त्यात सरकीचे दोनेक हजार टाका. सहा हजार तीनशे-चारशे. आणि त्याच आठवड्यात खेडा खरेदीवाला गावात येऊन काय भाव देत होता माहितीये? याच्याच आसपास, शे-दोनशे इकडे तिकडे. सरकारचा हमीभाव लांब धाग्याला ८११० जाहीर होता, तो मिळवायला नोंदणी करा, नंबर लागू द्या, ओलावा बारा टक्क्यांच्या आत बसवा, आणि तोवर पोराची फी थांबवा. ज्याला घाई आहे त्याचा भाव न्यूयॉर्कच ठरवतं. मोठे बाबा हिशोब संपला की "हूं" म्हणतात आणि फोन ठेवतात. बाय वगैरे प्रकार त्यांच्यात नाही.

आमच्या पिढीला शाळा-कॉलेजात ग्लोबलायझेशन शिकवलं ते १९९१ पासून. खाउजा म्हणायचे बघा, खाजगीकरण उदारीकरण जागतिकीकरण, पाच मार्काचा प्रश्न यायचा. त्यामुळे माझ्याही डोक्यात तेच होतं की आधी आपण सगळे गावातल्या गावात सुखाने नांदत होतो आणि मग एका बजेटात दार उघडलं आणि जग आत आलं. हे डोक्यातून गेलं ते एका लोखंडी पट्टीमुळे.

गावच्या घरी गोठ्याच्या दाराला एक पट्टी आहे. बोटभर रुंद, काळी पडलेली, दोन ठिकाणी ठोकून दाराची फळी तिनंच धरून ठेवलीय. लहानपणी त्या पट्टीनं माझा अंगठा फाटला होता, टाके पडले, म्हणून मला ती चांगली आठवते. कोणी म्हणायचं बंडीच्या चाकाची आहे. एकदा असंच बसलो असताना मोठे बाबा म्हणाले, "बंडीची नाई बे थे, गठाणीची हाये. आबाजीच्याही आधीची." म्हणजे कापसाची गठाण प्रेस केली की तिला आवळायला जी लोखंडी पट्टी लागते ती. प्रेसमधे उरलेल्या नाहीतर तुटलेल्या पट्ट्या लोक घरी आणायचे आणि दाराला, पेटीला, नांगराला, कुठे कुठे लावायचे. त्या काळात अशा पट्ट्या विलायतेतून यायच्या. मी ज्या धंद्यात आहे त्या धंद्यातली इम्पोर्टेड वस्तू आमच्या गोठ्याला शंभर-सव्वाशे वर्षं ठोकलेली होती आणि मी धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन मोकळा झालो होतो.

मग मी वाचायला लागलो. रिकामटेकडा उद्योग म्हणा.

रेल्वेच्या आधी आपल्याकडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार मिर्झापूरपर्यंत जायचा, गंगेच्या काठाला. बंजाऱ्यांचे तांडे, आठवडेच्या आठवडे प्रवास, धूळ खात, पावसात भिजत, आणि पोचेपर्यंत त्यात अर्धी माती. इंग्रजांचं या काळ्या मातीवर लक्ष आधीपासून होतंच. १८५३ ला निजामाच्या कर्जापोटी वऱ्हाड घेतलं, १८५४ ला भोसल्यांचं नागपूर खालसा केलं, आणि डलहौसीनं नागपूर कशाला घ्यायचं याची जी कारणं लिहिली त्यात कापूस होताच. पण खरा दणका दिला तो तिसऱ्याच देशाच्या भांडणानं. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना जो कापूस तिथल्या गुलामांच्या हातून यायचा तो बंद झाला. गिरण्या ठप्प, मजूर उपाशी. आता कापूस कुठून आणायचा? बघता बघता आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव. मुंबईत पैसा असा ओतला की बँका निघाल्या, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, सगळं गाव शेअर घ्यायला धावलं. आणि १८६५ ला लढाई संपली तशी चार महिन्यांत सगळं भुईसपाट.

इथे मला थांबावंसं वाटतं. व्हर्जिनियातल्या एका गावात एक सेनापती शरण येतो आणि त्यानं वऱ्हाडातला माणूस बुडतो. त्याला व्हर्जिनिया ठाऊक नाही, युद्ध ठाऊक नाही. त्याला एवढंच कळतं की परवा अडत्या पायघड्या घालत होता आणि आज मान वर करून पाहत नाही. बुडालेल्यांत एक पारशी कुटुंबही होतं. त्यांचा तरुण पोरगा तेव्हा नेमका इंग्लंडात होता, हातात कापसाच्या व्यवहाराचे कागद, आणि ते कागद एका रात्रीत रद्दी झाले. तो पोरगा म्हणजे जमशेटजी टाटा. त्याच्याकडे येतो थोड्या वेळानं.

भाव पडला तरी यंत्रणा थांबली नाही, उलट तेव्हाच खरी बसली. १८६७ ला रेल्वे नागपूरला आली. १८६९ ला सुएझ कालवा उघडला, आफ्रिकेला वळसा संपला. १८७० ला ग्रेट ईस्टर्न नावाच्या अजस्र जहाजानं मुंबई ते एडन समुद्राखालून तार टाकली आणि त्याच वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या रेल्वेच्या फाट्याचं उद्घाटन करायला स्वतः आला. व्हाइसरॉय, खामगावला! आज साधा राज्यमंत्री यायचा तर दहा वेळा दौरा कॅन्सल होतो. पुढे वर्धा-वरोरा कोळशाची लाइन झाली ती हिंगणघाटवरून गेली, म्हणजे आमच्या दारावरून.

लोक रेल्वेचं, जहाजाचं खूप कौतुक करतात पण मला विचाराल तर यातली सगळ्यात जबर चीज होती ती तार. रेल्वेनं माल लवकर न्यायला सुरुवात केली, ठीक. तारेनं भाव लवकर *आणायला* सुरुवात केली. आधी लिव्हरपूलची बातमी यायला महिना महिना लागायचा, तोवर इथला भाव इथल्या हिशोबानं चालायचा, पीक किती, पाऊस किती, गिऱ्हाईक किती. तार आली आणि लिव्हरपूलच्या बाजारात जे झालं ते त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, इथल्या अडत्याला कळायला लागलं. शेतकऱ्याला नाही बरं का, अडत्याला. हा जो मधला एक दिवस आहे ना, एकाला माहिती आहे आणि दुसऱ्याला नाही, त्यावर किती वाडे उभे राहिले असतील वऱ्हाडात. आमच्या मोठ्या बाबांचा सकाळी सातचा फोन मला तिथून आलेला वाटतो. मधला दिवस मिटवायची धडपड. दीडशे वर्षं उशिरा का होईना.

लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या कापसाला 'उमराज' म्हणायचे, उमरावतीचं त्यांच्या तोंडात झालेलं. आणि हिंगणघाटचा वेगळा भाव निघायचा, हिंगणघाट याच नावानं, कारण आमच्याकडची बनी जात. बारीक, लांब तार (म्हणजे धागा), मऊ. जुनी माणसं बनीचं नाव घेताना अजून आवाज खाली आणतात, एखाद्या गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं. मग ती गेली कुठे? कोणी बंदी घातली नव्हती. झालं असं की दुसऱ्या एका आखूड तारेच्या जातीतून रुई जास्त निघायची, पीकही दणकट यायचं, आणि बाजार चांगल्या तारेचे जे वरचे पैसे द्यायचा ते या फरकाला पुरत नव्हते. शेतकऱ्यानं शिस्तीत हिशोब केला आणि बनी सोडली. साहेब लोक रिपोर्टांत लिहीत बसले की नेटिव माणूस भेसळ करतो, क्वालिटी घालवतो. अहो तुमच्याच भावानं घालवली.

शेवटी १८९६-९७ आणि मग १८९९-१९०० चा दुष्काळ. वऱ्हाड नागपूर दोन्हीकडे माणसं किड्यामुंगीसारखी मेली. आधीच्या दुष्काळात लोक ज्वारीच्या पेवांवर तगायचे. आता वावरात कापूस होता, हातात पैसा यायचा तो सावकाराकडे जायचा, आणि ज्वारी विकत आणायची तर तिचाही भाव आता रेल्वेनं लांबच्या बाजाराला बांधलेला. कापूस खाता येत नाही. हे मी लिहितोय ते फार सोपं करून लिहितोय, पावसानंही दगा दिलाच होता, पण आमच्या आजीच्या बोलण्यात 'छप्पनचा दुकाळ' (विक्रम संवत १९५६ चा) हा शब्द यायचा तो मी ऐकलाय.

बरं, जमशेटजी. बुडाला, सावरला, आणि मग त्याच्या डोक्यात सरळ प्रश्न आला असणार की कापूस इथला, तो सहा हजार मैल जाऊन कापड होऊन परत इथेच येतो, तर गिरणी कापसाच्या शेजारीच का नको? मुंबई सोडून तो नागपूरला आला. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेतली. गोष्ट अशी सांगतात की इथल्या एका मारवाडी सावकारानं कर्ज द्यायला नकार दिला, म्हणाला हा माणूस खड्ड्यात सोनं पुरतोय. आणि मग काही वर्षांनी त्यानंच कबूल केलं की सोनं नाही, यानं माती टाकली आणि सोनं काढलं. १ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली, त्याच दिवशी दिल्लीला व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. आमच्याकडे तिला नुसतं 'एम्प्रेस मिल' कोणी म्हणत नव्हतं, 'यंप्रेस मिल'.

माझ्या आईचे वडील तिथे रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत, होते. भोंगा झाला की मोहल्ल्यात चुली पेटायच्या असं आई सांगते. त्या मिलची सगळी गंमत अशी की मशिनरी लँकेशायरची, कापूस वऱ्हाडचा, कोळसा वरोऱ्याचा, आणि लढाई लँकेशायरशीच. आणि लँकेशायरवाले काही गप्प बसले नाहीत. विलायती कापडावरची ड्युटी १८८२ ला काढायला लावली. पुढे सरकारला पैशाची गरज पडली म्हणून परत बसवली तर म्हणाले ठीक आहे, मग हिंदुस्थानी गिरणीच्या कापडावरही तेवढाच कर लावा. १८९६ ला साडेतीन टक्के इकडे, साडेतीन टक्के तिकडे. फ्री ट्रेड बरोबरीचा पाहिजे ना! तो कर जायला १९२५ उजाडलं. ऑफिसात आमच्याकडे नवीन पोरं येतात, एमबीए झालेली, ती लेव्हल प्लेइंग फील्ड वगैरे बोलायला लागली की मला हा साडेतीन टक्के आठवतो.

आता त्या मिलच्या जागी मॉल आहे हे नागपूरच्या पोरासोराला माहितीये आणि त्यावर हळहळणारं लिहून झालंय सगळ्यांचं, मी परत रडत नाही. फक्त एवढंच सांगतो की मागच्या वर्षी तिथेच पोरीला टीशर्ट घेतला, मानेमागचं लेबल पाहायची मला धंद्यामुळे खोड आहे, मेड इन बांगलादेश. आपलं सूत, आपली रुई बांगलादेशला जाते, तिथून कपडा होऊन येतो. जमशेटजीचा प्रश्न परत जिथल्या तिथे. आणि कापसाच्या बाजारावरून ज्या भागाला नाव पडलं ते आपलं कॉटन मार्केट, तिथे आता मेथी कोथिंबीर मिळते. मेट्रोचं स्टेशनही आहे कॉटन मार्केट नावाचं. कापसाचं बोंडही दिसणार नाही, पण नाव कसं पक्कं.

मधल्या पन्नास-साठ वर्षांचं पटकन सांगतो. पहिलं महायुद्ध, १९२९ नंतरची मंदी, सगळे देश आपापली दारं लावून बसले, कापसाचा भाव तळाला गेला. म्हणजे हे जागतिकीकरण एकदा येऊन परतही गेलेलं आहे, आजकाल टीव्हीवर 'आता ग्लोबलायझेशन संपलं' म्हणून जे ओरडतात त्यांना हे माहिती असायला पाहिजे. त्याच काळात, १९३६ ला, गांधीजी सेवाग्रामला येऊन राहिले, आमच्या गावाहून बंडीनं दिवसभराची वाट. कापसाच्या ऐन मुलखात बसून माणूस चरखा चालवतो. आमचे आबाजी तिथे जाऊन आले होते, टकळी घेऊन आले, आणि मग घरचा कापूस नेहमीसारखा हिंगणघाटच्या बाजारात नेऊन विकला. मी विचारलं होतं त्यांना, का हो आबाजी? तर म्हणाले, "धोत्रापुरता काततो ना. बाकीच्याचं काय करू, गादी?"

स्वातंत्र्यानंतर परमिट, लायसन, कोटा. महाराष्ट्रात सत्तरच्या दशकात एकाधिकार कापूस खरेदी आली, सगळा कापूस सरकारनं घ्यायचा. त्याच्या चांगल्या-वाईटावर मोठे बाबा आणि माझे वडील अर्धा अर्धा तास भांडायचे, पण एक गोष्ट दोघंही मान्य करायचे की त्या काळात न्यूयॉर्क किती, हे कोणी विचारत नव्हतं. मुंबईला सरकार काय ठरवतं ते विचारायचे.

मग १९९१. सोनं विमानानं बाहेर गेलं, बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे मिळून ४७ टन गहाण, जुलैत दोनदा रुपया पाडला, २४ जुलैला मनमोहन सिंगांचं बजेट. यात आमचा भाग असा की पंतप्रधान नरसिंह राव आदल्या दोन्ही वेळा, ८४ ला आणि ८९ ला, रामटेकचे खासदार होते. रामटेक! कायद्याचं शिक्षणही नागपूरचंच. म्हणजे देशाचं दार ज्यानं उघडलं तो माणूस सात वर्षं आमच्या गडमंदिराच्या मतदारसंघाचा होता, आणि आमच्याकडे लोकांना आठवतं ते एवढंच की ते फार कमी बोलायचे.

पण दार उघडलं तरी माल येतो जातो कशानं? हा भाग माझा आहे, इथे मी थोडा लांबवणार.

आमच्या धंद्यात कंटेनरला डबा म्हणतात. वीस फुटी डबा, चाळीस फुटी डबा. अजनीच्या डेपोला डबे एकावर एक ठेवलेले असतात, लाल, निळे, गंजलेले, ठोकरा खाल्लेले, दाराला चार दांडे, सील मारायची जागा, आणि एक छोटी धातूची पाटी, त्यावर वजन वगैरे. अत्यंत नीरस वस्तू. पण या डब्याचा जनक म्हणतात तो माल्कम मॅक्लीन, नॉर्थ कॅरोलिनाचा ट्रकवाला, तो स्वतः एक किस्सा सांगायचा. १९३७ साली तो ट्रकमधून माल घेऊन न्यू जर्सीच्या धक्क्यावर गेला आणि दिवसभर ताटकळत बसला, कारण हमाल एकेक नग उतरवून जहाजात चढवत होते. बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं की अख्खा ट्रकच उचलून जहाजावर ठेवला तर? आणि ट्रकमधे काय होतं? कापसाच्या गठाणी. मी हे वाचलं तेव्हा रात्री साडेअकरा वाजता बायकोला उठवून सांगितलं. तिनं जे उत्तर दिलं ते इथे नको.

२६ एप्रिल १९५६ ला त्यानं 'आयडियल एक्स' या जुन्या टँकरवर ५८ डबे चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले. सुटा माल चढवायला टनाला पाच डॉलर शहाऐंशी सेंट पडायचे, डब्यात पडले सोळा सेंटसुद्धा नाहीत. बस. एवढंच आहे. पुढे डब्याची मापं जगभर एक झाली म्हणून तोच डबा ट्रकवर, तोच रेल्वेवर, तोच जहाजावर. आपल्याकडे न्हावाशेवा १९८९ ला सुरू झालं, आणि मुंबईपासून रस्त्यानं आठशेएक किलोमीटर लांब असलेल्या नागपूरलाही कस्टमचा शिक्का बसायला लागला. मालाचं भाडं मालाच्या किमतीत दिसेनासं झालं. तेव्हा मग कुठे पिकतं आणि कुठे विकतं यातलं अंतर खरंच मेलं. २०२१ ला एक जहाज सुएझमधे सहा दिवस आडवं पडलं, त्याच वर्षी चाळीस फुटी डब्याचं शांघायहून भाडं दहा हजार डॉलरच्या वर गेलं, तेव्हा लोकांना कळलं की अरे असं काही भाडं असतं. आम्ही तेव्हा ऑफिसात दोन वेळचा डबा घेऊन जायचो, जेवणाचा.

तर २०२५. ऑगस्टमधे अमेरिकेनं आपल्या मालावर पन्नास टक्के टॅरिफ लावला. कापडवाल्यांचं कंबरडं मोडणार म्हणून आपल्या सरकारनं कापसावरची अकरा टक्के आयात ड्युटी माफ केली, आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबर अखेरपर्यंत. म्हणजे नवा कापूस घरात यायच्या ऐन वेळी. मोठ्या बाबांचा फोन सातला नाही, पावणेसहाला आला. "अमेरिका यायच्यावर रागावली तं आमच्या कापसानं काय केलं बे?" मला उत्तर देता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर माझी पंचाईत वेगळीच होती. बुटीबोरीच्या पुढच्या एका सूतगिरणीसाठी ब्राझीलच्या कापसाचे सहा डबे येणार होते, आणि त्यांची कागदं माझ्याच टेबलावर होती. न्हावाशेवाला क्लिअर झाले, ट्रेलरनं इकडे आले. एका डब्याला वरून गळती होती, दोन गठाणी भिजल्या, जहाज कंपनी म्हणे डबा चांगला होता, गिरणी म्हणे नव्हता, म्हणून क्लेमसाठी फोटो काढायला मी गेलो.

मी आयुष्यात पहिल्यांदा परदेशी गठाण हातानं उघडलेली पाहिली. चौरस, सुबक, पांढऱ्या प्लास्टिकमधे बांधलेली, प्रत्येकीला बारकोड. आत रुई एकसारखी, काडी नाही कचरा नाही. फोटो काढून झाल्यावर तिथल्या माणसाला विचारून मूठभर नमुना खिशात घातला.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा सांगू की नको असं चाललं होतं मनात. शेवटी अंगणात बसलो असताना पिशवी काढून दिली. म्हटलं मोठे बाबा, हा ब्राझीलचा. ते काही बोलले नाहीत. पुंजका घेतला, दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांत धरून ओढला, जुळवला, परत ओढला, तार काढली, उजेडात धरली. तार कशी काढतात ते ज्यानं पाहिलंय त्याला माहितीये, सोनार नथ पाहतो तसं पाहतात. एवढ्यात शेजारचे काका आले, तेही ओढायला लागले. बराच वेळ दोघं म्हातारे ती रुई ओढत बसले होते.

"लांब हाये," मोठे बाबा म्हणाले. "कचरा नाई."

काका म्हणाले, "मशीननं वेचते ना थे लोक. आपल्याकडं वेचाईलेच पैसे जाते."

"सबसिडी किती रायते त्यायले?" मोठ्या बाबांनी मला विचारलं. मी सांगितलं की ब्राझीलनं उलट अमेरिकेवरच केस केली होती, २००२ ला, तुम्ही शेतकऱ्यांना पैसे वाटता म्हणून आमचा भाव पडतो, डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, जिंकलेही, आणि २०१४ ला अमेरिकेनं तीस कोटी डॉलर देऊन मिटवलं. आफ्रिकेचे चार गरीब देशही २००३ ला हेच गाऱ्हाणं घेऊन गेले होते, त्यांना फारसं काही मिळालं नाही. मोठे बाबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "म्हंजे ब्राझीलवालाही न्यूयॉर्क पायत असन सकायी."

मी म्हटलं, हो, पाहतच असेल.

"त्याले कोन सांगते?"

यावर मी हसलो पण ते हसत नव्हते. त्यांना मी आणखी एक गोष्ट सांगणार होतो, की आपल्या वावरात जी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उभी आहे तीही मुळात तिकडचीच, बीटी बियाणं आलं २००२ ला पण ते ज्या जातीत घातलंय ती जातच मेक्सिकोकडची, आपली गावरानी वेगळी होती. आणि लिव्हरपूलमधे आजही कापसाच्या व्यवहाराचे नियम ठरतात, भांडण झालं तर लवाद तिथलाच, १८४१ ला दलालांनी काढलेली संस्था अजून चालू आहे. पण नाही सांगितलं. सणाचा दिवस होता आणि सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, होऊन आठच दिवस झाले होते, घरातली मधली खोली कापसानं भरलेली, पोरं त्यावर उड्या मारत होती आणि मोठी आई त्यांना शिव्या देत होती.

तिनंच मग येऊन विचारलं, हे काय घेऊन बसले म्हणून. पुंजका हातात घेऊन तिनंही दोन बोटांत चोळला. म्हणाली मऊ आहे, वाती चांगल्या होतील. आणि खरंच बसली, तळहाताला जरा दूध लावून चार-पाच फुलवाती वळल्या. घरच्या कापसात काडी-पानाचा कचरा येतो तो आधी निवडावा लागतो, यात निवडायचं काही नव्हतं. संध्याकाळी तुळशीपाशी त्यातलीच एक लावली. मोठे बाबा पायरीवर बसून पाहत होते. वात जरा वेळानं फरफरली तसे म्हणाले, "तेल कमी पडलं, तुपाची पायजे तिले," आणि मोठ्या आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की तुपाचा भाव माहिती आहे का.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथेच होतो, त्यांच्याच घरी, बाजूच्या खाटेवर झोपलेलो. सव्वासातला माझा फोन वाजला. ओसरीतून करत होते.